कागदी पाककृतींचे स्कॅनिंग आणि अक्षरओळख : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आईच्या तीन वह्या, मासिकांतून आणि वर्तमानपत्रांतून कापलेल्या कात्रणांची एक पेटी आणि पाकिटांच्या कोऱ्या बाजूंवर घाईघाईने खरडलेले काही कागद असा सुमारे चारशे पानांचा पाककृतींचा साठा मी गेल्या नऊ महिन्यांत स्कॅन केला आणि त्यातला बराचसा शोधता येईल अशा मजकुरात आणला. हा अनुभव मुद्दाम उशिराने लिहीत आहे. पहिल्या आठवड्यात अक्षरओळखीचे, म्हणजे प्रतिमेतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे, कोणतेही सॉफ्टवेअर थक्क करते, कारण त्याने काय ओळखले तेवढेच आपण पाहत असतो. त्याने काय चुकवले हे स्वयंपाकघरात पदार्थ करायला घेतल्यावर कळते, आणि त्याला काही महिने जावे लागतात.

साधने साधीच होती. घरात आधीपासून असलेला सपाट काचेचा स्कॅनर, मोबाइलचा कॅमेरा, अक्षरओळखीसाठी टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आणि अधूनमधून गूगल डॉक्समधील अक्षरओळख. टेसरॅक्ट मुळात ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत १९८५ नंतरच्या दशकात तयार झाले आणि २००५ मध्ये त्याचा स्रोत सर्वांना खुला करण्यात आला. मराठी वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत झाला. तेव्हापासून ते न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीच्या, मदतीने सबंध ओळ एका दमात वाचते. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्दातली अक्षरे एकमेकांना चिकटलेली असतात आणि वेलांट्या, मात्रा, रफार वरखाली पसरलेले असतात; त्यामुळे एकेक अक्षर सुटे करून ओळखण्याची जुनी पद्धत आपल्या लिपीला फारशी मानवत नसे. आता मराठीची भाषा-फाइल स्वतंत्र मिळते, तिच्या जोडीला इंग्रजीचीही लावता येते, आणि ‘जलद’ व ‘उत्तम’ अशा दोन प्रकारांपैकी ‘उत्तम’ घेतल्यास वेळ जास्त लागतो, पण जोडाक्षरे कमी बिघडतात. चारशे पानांसाठी त्या वेळेची काळजी करण्याचे कारण नाही.

स्कॅनिंगमध्ये माझी पहिली चूक हावरटपणाची होती. ‘एकदाच करायचे तर उत्तम करू’ म्हणून मी सगळे ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) घ्यायला सुरुवात केली. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयवर २४८० × ३५०८ पिक्सेलचे होते आणि रंगीत, न दाबलेल्या स्वरूपात सुमारे २६ एमबी जागा घेते. ६०० वर तीच जागा चौपट, म्हणजे १०४ एमबीच्या आसपास जाते. पहिली वही संपेपर्यंत संगणक धापा टाकू लागला, आणि ओळखलेल्या मजकुरात मात्र काडीचा फरक दिसला नाही. ३०० डीपीआय नेहमीच्या मजकुराला पुरते. अगदी बारीक टायपातली कात्रणे तेवढी ६०० वर घ्यावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्कॅन रंगीतच घ्यावा. पान काळे-पांढरे दिसते म्हणून काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरी चूक वेळ वाचवण्याच्या नादात झाली. एका परिचितांकडे कागद आपोआप ओढून घेणारा स्कॅनर होता, म्हणून कात्रणे त्यातून काढली. एका कात्रणामागचा जुना डिंक आतल्या अरुंद काचेवर चिकटला आणि त्यानंतरच्या तीसेक पानांवर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ आली. ती रेघ अक्षरओळखीने काही ठिकाणी दंड म्हणून वाचली, काही ठिकाणी काना म्हणून. एक जीर्ण कात्रण तर रोलरमध्ये दुमडून फाटले. तेव्हापासून कात्रण म्हटले की सपाट काच, असा नियम केला. कागद पातळ असेल आणि मागची छपाई पुढे दिसत असेल, तर त्याच्या पाठीमागे काळा जाड कागद ठेवावा. मागची अक्षरे बरीच विरतात. बारीक उंचीच्या आधुनिक स्कॅनरमध्ये काचेला टेकलेलेच तेवढे स्पष्ट दिसते आणि वहीच्या शिवणीजवळचा उचललेला भाग धूसर होतो, म्हणून जाड वह्यांचे फोटो मोबाइलने वरून घेतले, फ्लॅश बंद ठेवून, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड पडेल अशा बेताने.

आता डागांविषयी. पाककृतीचे पान आणि इतर कोणतेही पान यांत हाच मोठा फरक आहे: जे पान जास्त वापरले गेले तेच जास्त तेलकट असते, म्हणजे जी पाने आपल्याला सर्वांत हवी असतात तीच यंत्राला सर्वांत कठीण जातात. तेलाने कागद अर्धपारदर्शक होतो, डाग पिवळट-तपकिरी पडतो आणि त्यातून मागच्या पानावरची अक्षरेही डोकावतात. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती रंगीत प्रतिमेतला फक्त लाल चॅनल (प्रतिमा लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांची असते, त्यांतला लाल थर) वेगळा काढण्याची होती. पिवळा डाग लाल प्रकाश जवळजवळ कागदाइतकाच परावर्तित करतो, त्यामुळे लाल चॅनलमध्ये तो फिका होऊन कागदात मिसळतो. निळी शाई मात्र लाल प्रकाश शोषते, म्हणून ती गडद उठून दिसते. प्रतिमा संपादनाच्या कोणत्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन क्लिकचे काम आहे. ज्या पानावर आधी अक्षरओळखीने निव्वळ अक्षरांची खिचडी दिली होती, तेच पान लाल चॅनलमधून दिल्यावर निम्म्याहून अधिक वाचले गेले.

या युक्तीने मला तोंडावरही पाडले. दुसऱ्या वहीत आईने पाककृतींची नावे लाल शाईने लिहिली होती. लाल चॅनलमध्ये लाल शाई कागदाइतकीच उजळ होते, त्यामुळे सबंध वहीतील मथळे नाहीसे झाले आणि माझ्यापुढे साठ-सत्तर निनावी पाककृती उभ्या राहिल्या. मूळ रंगीत स्कॅन जपले होते म्हणून मथळे हिरव्या चॅनलमधून पुन्हा काढता आले. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले असते, तर वह्या पुन्हा उघडून बसावे लागले असते. वहीच्या छापील निळ्या रेघांचेही असेच आहे: लाल चॅनलमध्ये शाईबरोबर त्याही गडद होतात, आणि कोणाचे अक्षर रेघेला लागून असेल, तर शिरोरेषा कोणती आणि वहीची रेघ कोणती हे यंत्राला कळेनासे होते. रेघा शाईपेक्षा फिक्या असतात, म्हणून काळे-पांढरे करताना उंबरठा (किती गडद ठिपका काळा धरायचा ती मर्यादा) थोडा कडक ठेवला की त्या गळतात. फार कडक केला की अनुस्वारही गळतात. हा तोल पानागणिक बदलतो, त्याला सर्वांसाठी एक आकडा नाही.

छापील कात्रणांबाबत टेसरॅक्टचा अनुभव चांगला आहे. स्वच्छ छपाई, सरळ पान, एकच रकाना असेल तर दुरुस्ती नाममात्र करावी लागते. साहित्य एका रकान्यात आणि कृती शेजारच्या रकान्यात असेल, तर यंत्र कधी कधी दोन्ही रकाने आडवे वाचते आणि ‘दोन कप साखर मंद आचेवर हलवत ती पूर्ण विरघळेपर्यंत अर्धा कप दूध’ असे गूढ वाक्य तयार होते. त्यावर उपाय म्हणजे रकाने आधीच कापून वेगवेगळ्या प्रतिमा देणे. गूगल डॉक्सच्या मदतपानावरही रकाने, तक्ते आणि याद्या नीट ओळखल्या जाण्याची शक्यता कमी असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा कात्रीचे काम आपणच केलेले बरे.

खरा प्रश्न चुकांच्या संख्येपेक्षा चुकांच्या जातीचा आहे, आणि या नऊ महिन्यांत मी जे शिकलो ते मुख्यतः हेच. ‘वेलदोडा’ऐवजी ‘बेलदोडा’ आले तर ती चूक स्वतःहून ओरडते. वाचणारा हसतो, दुरुस्त करतो, नाही केली तरी काही बिघडत नाही. घातक चूक ती, जी वाचताना बरोबर वाटते. एका पानावर ‘२ कप पीठ’चे ‘२ कप मीठ’ झाले होते. प आणि म यांच्यात फरक असतो एका छोट्या आडव्या जोडणीचा, आणि दोन्ही शब्द पाककृतीत अगदी शोभून दिसतात. शुद्धलेखन तपासणीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. हे निदान प्रमाणावरून तरी पकडता आले.

आकड्यांना तर तेवढाही आधार नसतो. देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल मी इतक्या वेळा पाहिली, की आता कुठेही ९ दिसला तरी मूळ पान उघडतो. अपूर्णांकातली तिरपी रेघ फिकी असेल तर ती गळते, आणि १/२ चमचा सोड्याचे १२ चमचे होतात. ‘५-६ मिनिटे’ यातली आडवी रेघ वहीच्या रेघेवर आली, की ती रेघांबरोबर साफ होते आणि उरतात ५६ मिनिटे. १८० अंशांचे छोटे वर्तुळ शून्य समजले गेले, की भट्टीचे तापमान १८०० होते. १२ चमचे सोडा आणि १८०० अंश हे निदान हास्यास्पद तरी आहेत. १ चे ९ झाले आणि पदार्थ लवंगांचा नसून बदामांचा असला, तर कोणालाही संशय येत नाही.

म्हणून मी तपासणीची पद्धत बदलली. सुरुवातीला सबंध मजकूर वाचत असे. त्यात डोळा शब्दांवर रमतो आणि आकड्यांवरून घसरतो. आता प्रत्येक पानातल्या केवळ आकडे असलेल्या ओळी वेगळ्या काढतो, शेजारी मूळ प्रतिमा ठेवतो आणि तेवढ्याच तपासतो. शक्य असेल तेव्हा घरातले कोणीतरी कागदावरून मोठ्याने वाचते आणि मी पडद्यावर पाहतो. एकट्याने केलेल्या तपासणीपेक्षा ही कितीतरी विश्वासार्ह आहे. तपासून झालेले प्रमाण मी शब्दांत लिहितो. मराठीत त्यासाठी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे नेटके शब्द तयार आहेत, आणि ‘अर्धा’चे ‘बारा’ कोणत्याही यंत्राकडून होत नाही. (‘पाव’ शोधला की पाव चमच्याबरोबर खायचा पावही हजर होतो, ही त्यातली एक किरकोळ गैरसोय.)

हस्ताक्षराविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण छापील मजकुरासाठी घडवलेले टेसरॅक्ट तिथे जवळजवळ निरुपयोगी आहे आणि त्याचा तसा दावाही नाही. गूगल डॉक्सने सुटे, टपोरे अक्षर बऱ्यापैकी वाचले. आईचे अक्षर तसे नाही. ती शिरोरेषा देतच नाही.

मग मी चित्र वाचू शकणाऱ्या एका संभाषणात्मक एआय सेवेकडे वळलो. पहिल्या पानाचा निकाल पाहून मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकलो: मजकूर स्वच्छ, साहित्याची यादी वेगळी, कृतीला क्रमांक. दोन दिवसांनी तो मूळ पानाशी ताडून पाहिला, तेव्हा यादीच्या शेवटी ‘चवीनुसार मीठ’ असे लिहिलेले आढळले. त्या पानावर मीठ कुठेही नव्हते. पाककृतीत मीठ असतेच, या अनुभवावरून यंत्राने ते आपल्या पदरचे घातले होते. दुसऱ्या एका पानावर आईने लिहिलेले २०० अंश त्याने १८० केले होते, बहुधा तशा पदार्थाला १८० जास्त रूढ असल्यामुळे. जुन्या पद्धतीची अक्षरओळख जिथे हरते तिथे कचरा टाकते, आणि कचरा दिसतो. ही नवी सेवा जिथे हरते तिथे एखादी शहाणी, सभ्य, संभाव्य गोष्ट लिहून ठेवते. ‘जसे आहे तसेच लिहा, शुद्धलेखनही सुधारू नका, वाचता न आलेल्या जागी कंसात प्रश्नचिन्ह टाका’ अशी स्पष्ट सूचना दिल्यावर हा प्रकार बराच कमी झाला, थांबला नाही. शिवाय वहीच्या समासात नातेवाइकांचे फोन नंबर आणि घरखर्चाचे हिशेबही होते, हे पाच-सहा पाने इंटरनेटवर चढवल्यानंतर माझ्या लक्षात आले. त्यानंतर समास कापूनच पाने पाठवली.

हस्ताक्षरासाठी शेवटी जी पद्धत टिकली तिच्यात अक्षरओळख मुळी नाहीच. पान समोर ठेवायचे आणि मोबाइलच्या कीबोर्डमधील मराठी आवाजी टंकलेखनाला ते वाचून दाखवायचे. एआयचा मजकूर ताडून दुरुस्त करायला मला पानामागे वीसेक मिनिटे लागत. वाचून लिहवायला सहा-सात मिनिटे लागतात, आणि वाचता वाचताच तपासणी होते, कारण प्रत्येक प्रमाण तोंडाने उच्चारावे लागते. अडलेल्या जागा मावशीला फोन करून सोडवल्या. “मावशी, इथे ‘दूध नेहमीप्रमाणे’ लिहिलंय. नेहमीप्रमाणे म्हणजे किती गं?” “अरे, पीठ मागेल तेवढं!” मी तेच शब्द टिपेत लिहून ठेवले आहेत.

मजकूर साठवताना देवनागरीच्या एका खोडीने मला फार छळले. शोध घेतला तर ‘दुसऱ्या दिवशी’ हे शब्द काही पाककृतींत सापडत आणि काहींत समोर दिसत असूनही सापडत नसत. कारण ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत) दोन रीतींनी लिहिता येतो, एकदा नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) र ने आणि एकदा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधयंत्राला मात्र वेगवेगळे. ‘ॲ’ची तीच गत आहे: एक सबंध अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन. ‘साहित्य’नंतरचा अपूर्णविराम यंत्राने कित्येकदा विसर्ग म्हणून वाचला आणि ‘साहित्यः’ अशी संस्कृत पाककृती तयार झाली. सगळ्या फाइलींवर एकदा शोध-बदल चालवून हे तीन प्रकार एकसारखे केले. हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

पाककृतींसाठी खास असलेली ॲप्सही वापरून पाहिली. त्यांपैकी एकात माणसांच्या संख्येनुसार प्रमाण वाढवण्याची सोय होती, परंतु तिला देवनागरी आकडे ओळखता येत नव्हते, त्यामुळे आठ माणसांसाठीही प्रमाण चौघांचेच राहत असे. दुसऱ्यातून पाककृती बाहेर काढून घेण्याची धड सोय नव्हती, आणि ते मी लगेच सोडले. आता प्रत्येक पाककृतीची एक साधी मजकूर-फाइल आणि त्याच नावाची मूळ रंगीत प्रतिमा अशी जोडी ठेवतो. कात्रणांसाठी ओसीआरमायपीडीएफ हे साधन वापरले; ते मूळ प्रतिमेच्या मागे अदृश्य मजकुराचा थर घालते, म्हणजे दिसते कात्रण आणि शोधता येतो मजकूर. ज्या पाककृती केवळ सापडाव्यात एवढीच अपेक्षा आहे त्यांना हे पुरेसे आहे, त्यांची दुरुस्ती करत बसण्याची गरज नाही. हे आधी सुचले असते, तर दोन महिने वाचले असते. साठ्याच्या तीन प्रती आहेत, त्यांतली एक घराबाहेर.

वापराच्या बाजूने पाहता, चारशे पानांतल्या प्रत्यक्षात पुन्हा उघडल्या गेलेल्या पाककृती चाळीसच्या आसपास असतील. स्वयंपाक करताना मी मजकूर कमी आणि प्रतिमा जास्त पाहतो, कारण आईने खोडून केलेले बदल, बाजूला काढलेले बाण आणि ‘पुढच्या वेळी साखर कमी’ अशा सूचना प्रतिमेतच दिसतात. मजकुराचे काम ती प्रतिमा चटकन हाती देणे एवढेच उरले आहे. फिक्या पेन्सिलीने लिहिलेली सव्वीस पाने तर मी ओळखायच्या भानगडीत पडलोच नाही. त्यांना नाव आणि मुख्य घटक एवढेच टंकून ठेवले आहेत.

मागच्या महिन्यात मावशीनेही आपली वही पाठवली. ऐंशी पाने, निळी शाई, मथळे हिरवे. ३०० डीपीआयवर रंगीत फोटो आणि स्कॅन एका दुपारी झाले, नावांची यादी त्याच संध्याकाळी. मजकूर मात्र फक्त तिने स्वतः खुणा करून दिलेल्या चौदा पाककृतींचा केला, तोही बोलून. बाकीची पाने प्रतिमा म्हणून आहेत, आणि आजपर्यंत त्यातली दोनच कोणी मागितली.